सरासरी खरंच कमी आहे का? शेवेची पाकिटं तोलून टी-टेस्ट कशी करायची

समजा इंदूरला सुदामा नगरात राहणाऱ्या एक काकू घरी लौंगवाली शेव काढतात, २०० ग्रॅमची पाकिटं सील करतात आणि जवळच्या दोन-चार दुकानांत ठेवतात. एका दुकानदाराचा फोन आला, आंटी वजन कम आ रहा है. काकू म्हणतात शक्यच नाही, मी स्वतः भरते. आता गंमत अशी की दोघंही खरं बोलत असू शकतात, कारण हाताने भरलेलं पाकीट बरोब्बर २०० कधीच नसतं, एखादं १९७ निघतं एखादं २०३, आणि दुकानदाराने तोललेली दोन नेमकी हलकी निघाली असतील. म्हणजे भांडण एका पाकिटाचं नाहीच, काकूंच्या हातून निघणाऱ्या सगळ्या पाकिटांची सरासरी २०० आहे का हा खरा प्रश्न आहे आणि ती सगळी पाकिटं तोलणं शक्य नाही, दहा-पंधरा तोलता येतील. त्या दहांवरून बाकी सगळ्यांबद्दल काय बोलायचं आणि किती जोरात बोलायचं, एवढ्यासाठी ही टेस्ट असते. काकू आणि आकडे दोन्ही मी उदाहरणापुरते घेतलेत, तुम्ही तिथे तुमच्या प्रोजेक्टचं काहीही टाका, बॅटरीचे तास, रक्तातली साखर, बसला लागणारा वेळ, कृती तीच राहते.

बीकॉम-एमबीएची मुलं सरळ फॉर्म्युल्यावर उडी मारतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. फॉर्म्युला पाच मिनिटांचं काम आहे हो. खरं काम त्याच्या आधीचं, आणि ते तराजू काढायच्या आधी कागदावर लिहून ठेवायचं, तारखेसकट.

काय लिहायचं? पहिलं म्हणजे नल हायपोथेसिस. हे नेहमी "काही वेगळं घडत नाहीये" असं असतं आणि त्यात बरोबरचं चिन्ह असतं: सगळ्या पाकिटांची खरी सरासरी, जिला म्यू म्हणतात, ती २०० ग्रॅम आहे. लक्षात घ्या, इथे म्यू म्हणजे तुमच्या दहा पाकिटांची सरासरी नव्हे, ती तर तुम्ही तोलून काढणारच आहात, तिच्याबद्दल हायपोथेसिस काय मांडायचं. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, निम्मी मुलं इथेच पडतात.

दुसरं, त्याच्या विरुद्धचं म्हणणं, म्हणजे अल्टरनेटिव्ह. इथे दोन रस्ते आहेत. म्यू २०० नाही, कमी असो की जास्त, ही झाली टू-टेल्ड टेस्ट. किंवा म्यू २०० पेक्षा कमी आहे, एवढंच, ही वन-टेल्ड. दुकानदाराला फक्त कमी भरण्याशी मतलब आहे, तो वन-टेल्ड मागेल. पण काकूंचं तसं नाही, सरासरी २०४ निघाली तर दर पाकिटामागे चार ग्रॅम शेव फुकट जातेय, तेही त्यांना कळायला हवं, म्हणून काकूंसाठी टू-टेल्डच बरी. शंका असेल तर टू-टेल्ड घ्या, माझं मत असं आहे. पण जे घ्याल ते आधी ठरवा. पाकिटं तोलली, सरासरी १९८ आली, आणि मग "अरे कमीच आलंय तर वन-टेल्ड करू, पी व्हॅल्यू अर्धी होईल" (पी काय ते खाली येतंच, ती जितकी छोटी तितका नलच्या विरुद्धचा पुरावा भक्कम) हा उद्योग म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती गोल काढणं.

तिसरं, अल्फा. नल हायपोथेसिस खरं असताना चुकून ते नाकारायची किती रिस्क घ्यायला तयार आहात, ते. बहुतेक जण ५ टक्के घेतात, म्हणजे ०.०५. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या पुस्तकात ही रेघ सोयीची म्हणून सुचवली आणि मग ती सगळीकडे चिकटून बसली. कामाप्रमाणे १ टक्का किंवा १० टक्केसुद्धा चालतात, फक्त तोही आधीच लिहा.

चौथं, किती पाकिटं तोलणार. याचा हिशोब खाली देते, आत्ता दहा धरू.

आता तोलायचं. यावर पुस्तकात एक ओळ असते, "रँडम सॅम्पल घ्या", आणि सगळं बिघडतं ते इथेच. एकाच घाण्याची, एकाच बसणीत भरलेली दहा पाकिटं उचललीत तर ती एकमेकांची भावंडं झाली, त्या दिवशी काकूंचा हात आखडता होता तर दहाही हलकी निघणार. टेस्ट धरून चालते की प्रत्येक पाकीट दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे. म्हणून वेगवेगळ्या दिवसांची, वेगवेगळ्या घाण्यांची पाकिटं घ्या, सगळ्यांवर पेन्सिलने नंबर टाका आणि चिठ्ठ्या काढा किंवा मोबाईलवर रँडम नंबर काढा. वरची वरची दहा उचलणं म्हणजे रँडम नाही, आणि दुकानदाराने परत पाठवलेली दहा तर अजिबात नाही, ती त्याने हलकी म्हणूनच परत पाठवलीत.

मग तराजू. रिकामं प्लास्टिक पाकीट आधी ठेवून टेअरचं बटण दाबा, नाहीतर पाकिटाचं वजन शेवेत धरलं जाईल, आपल्याला आतला माल मोजायचाय. शिक्का असलेला २०० ग्रॅमचा बाट मिळाला तर तो ठेवून बघा, तराजू २०० दाखवतोय का. हे मी मुद्दाम सांगतेय कारण तराजूच दोन ग्रॅम कमी दाखवत असेल तर टेस्ट ते पकडू शकत नाही, ती प्रामाणिकपणे सांगेल की सरासरी कमी आहे, आणि काकू बिचाऱ्या उगाच जास्त शेव भरायला लागतील. टेस्टला फक्त वरखाली होणं समजतं, सगळे आकडे एकाच बाजूला सरकलेले असले तर तिला पत्ताच लागत नाही.

तर दहा पाकिटं आली अशी, ग्रॅममध्ये: १९७, २०१, १९६, १९९, २०३, १९५, १९८, २००, १९४, १९७.

बेरीज १९८०, भागिले १०, सरासरी १९८. दोन ग्रॅम कमी.

हे दोन ग्रॅम खूप की थोडे, ते पाकिटं आपापसात किती वरखाली होतात त्यावर ठरतं. म्हणून स्टँडर्ड डेव्हिएशन. प्रत्येक वजनातून १९८ वजा करा: −१, ३, −२, १, ५, −३, ०, २, −४, −१. यांची बेरीज शून्य यायलाच पाहिजे, नाही आली तर कुठेतरी चुकलंय, इथेच थांबून शोधा. आता वर्ग करा आणि बेरीज घ्या: १ + ९ + ४ + १ + २५ + ९ + ० + ४ + १६ + १ = ७०. याला १० ने नाही, ९ ने भागायचं, एन वजा एक, एन म्हणजे तोललेल्या पाकिटांची संख्या. ७० ÷ ९ = ७.७७८, वर्गमूळ २.७८९. हा झाला एस.

९ ने का? कारण फरक आपण खऱ्या सरासरीपासून मोजले नाहीत, ती माहीतच नाही, सॅम्पलच्याच सरासरीपासून मोजले, आणि सॅम्पल स्वतःच्या सरासरीला नेहमी जरा जास्तच जवळ असतं, म्हणून १० ने भागलं तर पसारा कमी दिसतो. हातात कॅसिओचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर असेल तर त्यात दोन सिग्मा दिसतात, एक एनवाला आणि एक एन मायनस वनवाला, काही मॉडेलवर दुसऱ्याला एसएक्स लिहिलेलं असतं, आपल्याला दुसरा पाहिजे. एक्सेलमध्ये एसटीडीईव्ही डॉट एस घ्यायचा, डॉट पी नाही. डॉट पी घेतलात तर २.६४६ येईल आणि पुढचं टी फुगून −२.३९ होईल. छोटा सॅम्पल असला की हा फरक निकाल बदलू शकतो.

पुढे स्टँडर्ड एरर. एस म्हणजे एकेक पाकीट किती हलतं, स्टँडर्ड एरर म्हणजे दहा पाकिटांची सरासरी किती हलेल. सरासरी नेहमी कमी हलते, कारण हलकं-जड आपापसात कटतं.

स्टँडर्ड एरर = २.७८९ ÷ √१० = २.७८९ ÷ ३.१६२ = ०.८८२

आणि टी म्हणजे, आलेली सरासरी अपेक्षेपासून किती स्टँडर्ड एरर लांब आहे:

टी = (१९८ − २००) ÷ ०.८८२ = −२.२६८

आता टी चं टेबल उघडा. डिग्री ऑफ फ्रीडम ९, म्हणजे एन वजा एक, अल्फा ०.०५, टू-टेल्ड: टेबल म्हणतं २.२६२. आपलं, चिन्ह सोडून, २.२६८. आपलं मोठं, म्हणजे नल हायपोथेसिस नाकारलं. टेबल वापरताना वर वन-टेल्डचा कॉलम आहे की टू-टेल्डचा ते नीट बघा, बऱ्याच टेबलांत दोन्ही एकावर एक छापलेले असतात. वन-टेल्ड आधी ठरवली असती तर ९ डिग्रीला रेघ १.८३३ ची, कमीच्या बाजूला म्हणजे −१.८३३.

एक्सेल किंवा गुगल शीटवर थेट पी व्हॅल्यू काढायची तर टी डॉट डिस्ट डॉट टूटी हे फंक्शन, त्यात टी आणि ९ द्या. पण टी मायनसमध्ये दिलंत तर ते एरर फेकतं, म्हणून एबीएस लावून किंवा हाताने प्लस करून द्या. उत्तर येतं ०.०४९५. आर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर टी डॉट टेस्ट एका ओळीत सगळं करतं, कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट (खरी सरासरी कुठून कुठपर्यंत असू शकते तो पट्टा, खाली येतोच), पण म्यू इक्वल टू २०० द्यायला विसरू नका. नाही दिलं तर ते शून्याशी तुलना करतं, आणि शेवेचं वजन शून्य नाही हे सांगायला कॉम्प्युटर कशाला पाहिजे. पायथनमध्येही सायपाय या लायब्ररीत तयार फंक्शन आहे.

०.०४९५. पाच टक्क्यांच्या रेघेला अगदी घासून. उदाहरण मी मुद्दाम असं निवडलंय, कारण इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे.

समजा सगळ्यात हलकं पाकीट १९४ चं नसून १९३ चं असतं. म्हणजे काकूंच्या विरुद्धचा पुरावा अजून थोडा वाढला, बरोबर? सरासरी १९७.९ झाली, २०० पासून अजून लांब. आता परत काढा. वर्गांची बेरीज ७८.९, एस २.९६१, स्टँडर्ड एरर ०.९३६, टी = −२.१ ÷ ०.९३६ = −२.२४३. टेबलचं २.२६२ पार होत नाही, पी साधारण ०.०५२, आणि नल हायपोथेसिस नाकारता येत नाही! पाकीट हलकं झालं आणि काकू सुटल्या. कारण एक पाकीट इतकं लांब गेल्यावर सरासरी फक्त ०.१ ने सरकली पण पसारा त्याहून जास्त वाढला, आणि टी म्हणजे या दोघांचा भागाकार आहे. यात टेस्टचा काही दोष नाही. पण ०.०४९५ ला "सिद्ध झालं" आणि ०.०५२ ला "काहीच नाही" म्हणणारा माणूस एका ग्रॅमवर, म्हणजे शेवेच्या दोन-चार काड्यांवर, निकाल देतोय हे त्याला कळलं पाहिजे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी व्हॅल्यूवर निवेदन काढलं होतं त्यातही हेच होतं, नुसती पी रेघेच्या खाली की वर एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

मग पी म्हणजे काय? खरी सरासरी २०० च असती तर नुसत्या योगायोगाने दहा पाकिटांत इतका किंवा याहून जास्त फरक दिसण्याची शक्यता. बस. नल हायपोथेसिस खरं असण्याची शक्यता ४.९५ टक्के, असा त्याचा अर्थ नाही, आणि काकू चुकीच्या असण्याची शक्यता ९५ टक्के असाही नाही. आणि पी मोठी आली तर "सरासरी २०० आहे हे सिद्ध झालं" असंही लिहायचं नाही, लिहायचं की नाकारण्याएवढा पुरावा मिळाला नाही. तीनच पाकिटं तोललीत तर पुरावा मिळणं कठीणच, त्याने काकू निर्दोष होत नाहीत.

म्हणून मला पी पेक्षा कॉन्फिडन्स इंटरव्हल जास्त आवडतो, आणि तो काढायला वेगळं काही लागत नाही, सगळं हातात आहेच: १९८ ± २.२६२ × ०.८८२, म्हणजे १९८ ± १.९९५. साधारण १९६.० ते १९९.९९५. २०० बाहेर आहे, पण केसभर, निकाल किती काठावर आहे ते इथे एका नजरेत दिसतं. आणि व्यवहाराचं बोलायचं तर हाच पट्टा कामाचा: तूट जवळजवळ शून्यही असू शकते आणि चार ग्रॅमही. चार ग्रॅम म्हणजे २ टक्के, दुकानदाराने ओरडण्याएवढं. टेस्ट फरक आहे की नाही एवढं म्हणते, तो फरक मोठा की फालतू हे तुम्ही ठरवायचं. हजार पाकिटं तोलली तर अर्धा ग्रॅमसुद्धा "सिग्निफिकंट", म्हणजे पी रेघेच्या खाली, येईल, म्हणून काय काकूंनी झोप उडवून घ्यायची?

जाता जाता, पॅकबंद मालाचे २०११ चे केंद्राचे जे वजनमाप नियम आहेत त्यात सरासरी वेगळी बघतात आणि एकेका पाकिटाला किती तूट चालेल ते वेगळं बघतात. आपली टेस्ट फक्त सरासरीबद्दल बोलते, त्यामुळे टी-टेस्ट पास म्हणजे कायद्यात पास असं समजू नका.

झेड-टेस्ट (कृती हीच, फक्त एस च्या जागी सिग्मा आणि टी च्या टेबलाऐवजी झेडचं) कधी करायची हा हमखास प्रश्न. सगळ्या पाकिटांचा खरा पसारा, सिग्मा, आधीपासून पक्का माहीत असेल तर. मशीनने भरणाऱ्या मोठ्या नमकीनवाल्याकडे वर्षांचं रेकॉर्ड असतं, त्यावरून सिग्मा ३ ग्रॅम धरता आला तर स्टँडर्ड एरर ३ ÷ ३.१६२ = ०.९४९, झेड = −२.१०८, रेघ १.९६ ची, पी ०.०३५. घरगुती कामात सिग्मा कुणाला माहीत असतो, म्हणून टी. पुस्तकांत "३० च्या वर झेड, खाली टी" असं लिहिलेलं असतं, ते टेबल छोटं ठेवायच्या काळातलं आहे, कॉम्प्युटर हातात असताना सिग्मा माहीत नसेल तर एन कितीही असो टी च करा, मोठ्या एनला दोन्ही उत्तरं तशीही जवळ जवळ येतात. टी ची कथा पण गोड आहे, विल्यम गॉसेट नावाचा माणूस डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीत होता, तिथे जवाचे आणि बिअरचे छोटे छोटे सॅम्पल हातात यायचे आणि मोठ्या सॅम्पलचं गणित त्यांना लागू पडेना, म्हणून त्याने हे वेगळं काढलं आणि १९०८ मध्ये "स्टुडंट" या टोपणनावाने छापलं कारण कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने छापू देत नव्हती. तर स्टुडंट्स टी म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची सोपी टेस्ट नव्हे.

किती पाकिटं तोलायची ते राहिलं. आधी ठरवा की किती ग्रॅमचा फरक सुटू नये असं वाटतं. साधा हिशोब: ७.८४ गुणिले (एस भागिले तो फरक) याचा वर्ग. ७.८४ हा आकडा ५ टक्के अल्फा, टू-टेल्ड, आणि खरा फरक ८० टक्के वेळा पकडला जावा यासाठी आहे. दोन ग्रॅम पकडायचे, पसारा २.८ धरला: ७.८४ × १.९६ = १५.४, म्हणजे १६, आणि टी असल्यामुळे वर दोन घाला, १८. एक ग्रॅम पकडायचा तर तोच आकडा ६२ च्या वर जातो, फरक निम्मा केला की पाकिटं चौपट. म्हणजे दहा पाकिटं तशी कमीच होती, आणि निकाल असा लटकलाय त्यात नवल नाही. पण एक करू नका: दहा तोलून पी ०.०५२ आली, मग अजून दोन तोल, मग अजून दोन, आणि ०.०५ च्या खाली गेली की थांब. असं केलं की अल्फा ५ टक्के राहतच नाही, वाढत जातो. करायचंच असेल तर नवीन १८ पाकिटं ठरवा, नव्याने काढा, नव्याने तोला. आणि वीस वेगवेगळ्या चवींच्या शेवेवर वीस टेस्ट केल्यात, सगळ्या खरोखर २०० च्या असल्या तरी निदान एक तरी खोटी "सिग्निफिकंट" निघायची शक्यता ६४ टक्के असते, हे एमबीएच्या प्रोजेक्टवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवा.

छोट्या सॅम्पलला वजनं साधारण घंटेच्या आकारात पसरलेली असावीत अशी अट असते. दहा आकड्यांवरून ते पक्कं कळत नाही, पण कागदावर एक रेघ ओढून त्यावर दहा टिंबं काढा, एखादं टिंब फार लांब एकटं पडलंय का बघा. पडलं असेल तर ते पाकीट शोधा, फाटलेलं आहे का, १०० चं पाकीट चुकून मिसळलंय का, आकडा उलटा लिहिला गेलाय का. कारण सापडलं तर काढा आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा, कारण नाही सापडलं तर ठेवा. निकाल बिघडवतंय म्हणून काढायचं नाही.

आणि दुकानदाराने म्हटलं की तुमचा तराजू वेगळा माझा वेगळा, तर तीच दहा पाकिटं दोन्ही तराजूंवर तोला, प्रत्येक पाकिटाचा फरक काढा आणि त्या दहा फरकांवर हीच टेस्ट करा, फक्त २०० च्या जागी शून्य ठेवून. पेअर्ड टी-टेस्ट म्हणतात ती हीच, नवीन काही शिकायचं नाही.

रिपोर्टमध्ये शेवटी असं लिहा: "दहा पाकिटांची सरासरी १९८.० ग्रॅम, स्टँडर्ड डेव्हिएशन २.७९, टी = −२.२७, डिग्री ऑफ फ्रीडम ९, टू-टेल्ड पी = ०.०४९५, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १९६.० ते २०० च्या किंचित खाली." पी चा पूर्ण आकडा द्या, नुसतं "पी ०.०५ पेक्षा कमी" नको, आणि पाकिटं कशी निवडली ते एका वाक्यात आधीच सांगा, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, पहिलं तेच विचारतात.